साठ किलो रव्याचा निकाल

पक्की सरकारी नोकरी असलेल्या माणसाने घाबरायचं नसतं, हा आमच्या घरातला पहिला नियम. बाबांनी तो बावीस वर्षं पाळला. ते सरकारच्या भाव-तपासणी कचेरीत कारकून आहेत. दुकानदार जादा भाव लावतो का, माल दडवतो का, यावर डोळा ठेवणारी ही कचेरी. बाबा स्वतः कुणाला पकडत नाहीत. पकडलेल्यांची नावं सुवाच्य अक्षरात वहीत उतरवतात. तरी त्यांचा दरारा असा, की तळमजल्यावरचा वाणी त्यांना बघून उगाचच तराजू पुसतो.

या बाबांना यंदाच्या वसंतात भीती वाटायला लागली. आधी दुकानातून साखर गेली. मग कॉफी गेली. मग टाय घातलेला एक माणूस टीव्हीवर म्हणाला, की पेन्शनच्या तिजोरीबद्दल घाबरण्याचं काहीही कारण नाही. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"बावीस वर्षांत कुणी असं म्हणालं नव्हतं," ते म्हणाले. "आता म्हणतायत, म्हणजे कारण आहे."

दुसरा धक्का कचेरीत बसला. प्रत्येकाचा जोडधंदा निघाला! साहेबांनी गच्चीवर मधमाश्या पाळलेल्या. टाइपिस्ट बाई टेबलाखाली परदेशी जुने कपडे विकायच्या. शिपाई दुपारनंतर टॅक्सी चालवायचा. आणि जो माणूस नेहमी आजारी असायचा, तो गावाकडे गोगलगायी वाढवून परदेशी पाठवायचा.

"मी एकटाच उरलोय," बाबा आईला म्हणाले. "लोक माझ्याकडे संशयाने बघतात. म्हणतात, जोडधंदा नाही, तरी ह्याचं भागतं कसं? नक्की लाच खात असणार."

म्हणजे इभ्रत टिकवायची तर धंदा करणं भाग होतं.

कुठला, ते सांगायला सी खमाईस समर्थ होते. 'सी' म्हणजे श्रीयुत, जसं बाईला 'लल्ला'; हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. जन्मभर रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर रेल्वेने त्यांची शिट्टी काढून घेतली, पण गाडी कधी आणि कुठून सोडायची हे सांगायची सवय काढून घेतली नाही.

"सी तैय्येब," ते बाबांना म्हणाले, "ऑगस्टात फ्रान्सहून आपली माणसं सुट्टीला येतात. जाताना बॅगेत काय नेतात? आईच्या हातचा कुसकुस. आणि आई काय करते? गुडघ्याला मलम चोळते! मग कुसकुस करणार कोण?"

"कोण?" बाबांनी विचारलं.

"होर्रिया वहिनी!"

आईने त्यांच्यासमोरचा चहाचा पेला उचलला. त्यात अजून अर्धा चहा होता.

पण कल्पना डोक्यात शिरली ती शिरलीच. दर उन्हाळ्यात घरोघरी रव्याचे बारीक दाणे वळून वर्षाचा कुसकुस करून गच्चीवर वाळवतात, तो आपण थोडा जास्त करायचा, इतकंच. आईने माझ्या मोंगिया आत्याला गावाहून बोलावायचं ठरवलं, कारण आत्याच्या हाताचा दाणा असा एकसारखा, की चाळणीला काम उरत नाही. मी मोकळीच होते. शाळा संपवणारी ती थोर परीक्षा, जिला आम्ही सगळे नुसतं 'बॅक' म्हणतो, ती जूनच्या सुरुवातीला देऊन मी निकालाची वाट बघत होते. पेपर उत्तम गेलेत असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. फिजिक्सचा शेवटचा प्रश्न, तारेच्या वेटोळ्याचा, मी कोराच ठेवून आले होते हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. आत्मविश्वास हा माझ्यात यंदाच आलेला गुण आहे, आणि नवी वस्तू जपून वापरावी लागते.

बाबांना मात्र परवाना हवा होता. "गुन्हेगारांची नावं ज्या वहीत मी लिहितो," ते म्हणाले, "त्या वहीत माझं नाव मला माझ्याच अक्षरात लिहायचं नाही."

परवान्यासाठी मी त्यांच्याबरोबर गेले. पहिल्या खिडकीवर अर्जावरची सही खरी असल्याचा शिक्का लागतो.

"मी तुमच्यासमोरच सही करतो," बाबा म्हणाले.

"करा. पण ती तुमचीच कशावरून?"

दुसऱ्या खिडकीवर कळलं, की स्वयंपाकघराचा नकाशा लागेल, आणि त्यात कामगारांना कपडे बदलायला वेगळी खोली हवी. आमचे कामगार म्हणजे आई आणि आत्या. तिसऱ्या खिडकीवर तब्येतीचा दाखला मिळतो, तो तीन महिने चालतो. चौथ्या खिडकीचा साहेब नकाशा तपासायला घरी येतो, त्याला चार महिने लागतात.

बाबांनी जागच्या जागी हिशेब केला. "म्हणजे तो येईपर्यंत दाखला शिळा होणार. मग आजवर परवाना मिळाला कुणाला?"

खिडकीतला माणूस खरंच विचारात पडला. "कुणाला नाही बहुतेक," तो म्हणाला. "पण अर्ज खूप येतात."

बाबांनी अर्ज दिला, पोच घेतली, ती पाकिटात ठेवली आणि कायद्याला आपण निदान नमस्कार तरी केला या समाधानात रवा जमवायला सुरुवात केली.

रव्याचं असं होतं, की साखरेमागोमाग त्याचीही टंचाई होती. दुकानात माणशी दोनच किलो मिळायचा. म्हणून बाबांनी सगळ्या खानदानाला कामाला लावलं. काका, मामा, मामाची सासू, कचेरीतल्या गोगलगायवाल्याचा मेहुणा. जो तो रांगेत उभा राहून दोन-दोन किलो आणी. तीन आठवड्यांत माझ्या पलंगाखाली चाळीस किलो रवा झाला. उरलेले वीस आत्या गावाहून आणणार होती. मी रव्यावर झोपत होते. झोप चांगली लागत होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या बिल्डिंगच्या दारात साठेबाजांविरुद्धचं सरकारी पोस्टर आहे. खाली तक्रारीचा फोन नंबर आणि वर लाल अक्षरांत: 'घरातला जादा साठा म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातला घास!' हे वाक्य बाबांचं आहे. कचेरीत स्पर्धा झाली होती, त्यात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं होतं. छत्री.

आत्या आली ती भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, खांद्यावर वीस किलोचं पोतं घेऊन. कुणी बघू नये म्हणून तिने बसस्टॉपपासून मान वर केली नाही, म्हणून तिला हेही दिसलं नाही की पोत्याचा कोपरा फाटलाय. चार वाजता बिल्डिंग जागी झाली तेव्हा बसस्टॉपपासून निघालेली रव्याची पांढरी रेघ पोस्टरखालून, जिन्यावरून, तीन मजले चढून थेट आमच्या उंबरठ्यापर्यंत आली होती.

पाच वाजता ओमदा आला. ओमदा म्हणजे वस्तीवर नेमलेला सरकारचा माणूस. तुम्ही जिवंत आहात हे सुद्धा त्याच्या शिक्क्याशिवाय खरं धरत नाहीत. सी लझहर त्याचं नाव. हळू बोलतो, आणि खिशात कायम एक घडीचा कागद असतो. त्याच्यामागे जिन्यात शेजारच्या लल्ला बेय्या, सी खमाईस आणि निम्मी बिल्डिंग उभी होती. सगळे योगायोगाने तिथून जात होते.

"सी तैय्येब, रेघेच्या मागे मागे आलो," ओमदा म्हणाला. "किती आहे?"

"थो... थोडासा," बाबा म्हणाले.

"साठ किलो!" आत्या अभिमानाने म्हणाली. पाचेक चिमटी रवा तिच्या मते वाटेत सांडला होता, पण तिने पूर्ण आकडा सांगितला.

बाबांचा चेहरा रव्यासारखा झाला. ओमदाने हळूच कागद काढला. बाबांनी पाकिटातली पोच काढली, मग ती दाखवली तर रवा विकायचा आहे हेच सिद्ध होईल हे लक्षात येऊन परत आत ठेवली. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि आमच्या घरात अशा वेळी आई बोलते.

"मेजवानीचा आहे," आई म्हणाली. "लग्नकार्याला, मेजवानीला एवढा लागतोच की नाही, सी लझहर?"

"लागतो. कुणाचं लग्न?"

आईने चारी बाजूंना पाहिलं. आत्या, वय त्रेपन्न, तीन मुलांची आई. बाबा, विवाहित. मग तिची नजर माझ्यावर आली. मी खोलीच्या दारात कलिंगड खात उभी होते.

"लग्न नाही. शिराझच्या बॅकचं! पोरगी पास झाली, त्याची मेजवानी!"

"अरे वा! निकाल लागला?"

"पंधरा दिवसांनी लागेल," मी म्हणाले, कारण खोटं बोलायचं आहे हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग लल्ला बेय्यांनी छातीवर हात मारला. "निकालाच्या आधीच मेजवानी? अगं होर्रिया, दृष्ट लागेल ना पोरीला! पाळणा हलवायच्या आधी बाळंतविडा शिवतं का कुणी?"

"आमचा तिच्यावर विश्वास आहे," आई म्हणाली. असं ती आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली. मी ते एरवी फ्रेम करून लावलं असतं.

ओमदा कागदावर लिहीत होता, मोठ्याने. "साठ किलो रवा. एका मेजवानीसाठी. सर्वच्या सर्व." मग त्याने कागदाची घडी घातली. "मी जेवायला येईन. मेजवानी झाली, तर हा कागद माझ्या खिशातच मरेल. नाही झाली, तर वर जाईल."

"वर म्हणजे कुठे?" आत्याने विचारलं.

"माझ्या टेबलावर," बाबा खाली बसत म्हणाले.

त्यापुढचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. विचारा, सांगते. आमच्या घरातली एकुलती एक पक्की गोष्ट म्हणजे बाबांची नोकरी, आणि ती आता तारेच्या एका वेटोळ्याला लटकली होती. ते वेटोळं मी कोरं सोडलंय हे जगात मला एकटीला माहीत होतं. बाबा सकाळी कचेरीत जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे. माझ्या पलंगाखाली रवा नव्हता आता, आणि झोपही येत नव्हती.

रवा गच्चीवर गेला होता. मेजवानीचा कुसकुस म्हटल्यावर बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका आपापल्या चाळण्या घेऊन न बोलावता आल्या; आमच्याकडे आनंदाच्या कामात हात लावणं हे पुण्य आहे आणि तिथे न जाणं हे भांडण आहे. लाकडी परातींत रवा, त्यावर मिठाच्या पाण्याचा शिपका, आणि गोल गोल फिरणारे तळवे. मग चाळायचं, वाफवायचं आणि पांढऱ्या चादरींवर पसरायचं. प्रत्येक तळव्यागणिक एक सल्ला.

"डॉक्टर हो, शिराझ. लोक कॉफी सोडतात, आजारी पडायचं सोडत नाहीत."

"डॉक्टर सगळे जर्मनीला चाललेत. तू नर्स हो, त्या आधी जातात."

"माझ्या लेकीकडे, ओल्फाकडे बघा," लल्ला बेय्या म्हणाल्या. "विजेची इंजिनियर! पाच वर्षं शिकली. आणि आता बायकांची नखं रंगवते. पण काय रंगवते! रेघ सरळ म्हणजे सरळ. शिक्षण वाया जात नाही हो."

आत्याने माझ्या खोलीच्या दारावर माशाची वाळकी शेपटी ठोकली, दृष्ट लागू नये म्हणून. तिचा वास इतका, की दृष्टच काय, मीसुद्धा आत जाईना. मग मला गच्चीवर राखणीला बसवलं. बंदराचं गाव आमचं. समुद्रपक्षी माणसाला भीत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने कुसकुस चाखला, दुसऱ्या दिवशी तो नातेवाईक घेऊन आला. मी पातेलं बडवत चादरींभोवती पळत होते. सी खमाईस खुर्ची टाकून सूचना देत होते. "डावीकडून येतोय! डावीकडून! मागचा डबा बघ!"

निकालाच्या दिवशी सगळी बिल्डिंग आमच्या बैठकीत होती. दाण्याला जागा नव्हती. निकाल फोनवर संदेशाने येतो. लल्ला बेय्या आनंदाचा चीत्कार करायला तोंड उघडून तयार बसल्या होत्या. फोन वाजला. मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"काय गं?" आईने विचारलं.

"दुसरी फेरी."

जे थोडक्यासाठी राहतात त्यांना आठवड्याभरात पुन्हा बसवतात, त्याला दुसरी फेरी म्हणतात. लल्ला बेय्यांचं तोंड उघडंच राहिलं. ओमदाने खिशाला हात लावला, मग काढला.

"हे पास की नापास?" त्याने बाबांना विचारलं.

"दोन्ही नाही."

"मग कागदाचं काय करू?"

"तोही दुसऱ्या फेरीला बसवा," बाबा म्हणाले. त्या दिवसातला हा त्यांचा एकच विनोद.

सगळे गेल्यावर मी त्यांना वेटोळ्याचं सांगितलं. वाटलं, रागावतील. पण ते म्हणाले, "मी नाव न लिहिता कोरी ओळ सोडली असती, तर साहेबांनी मला काढून टाकलं असतं. पण काय लिहायचं ते येत नव्हतं, तर कुणाला विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला भीती वाटत होती. घरात दोघांनी घाबरून कसं चालेल?"

बाबा उठले, चपला घातल्या आणि लल्ला बेय्यांच्या दाराशी गेले. भाव-तपासणी कचेरीचा माणूस दुसऱ्याच्या दारात मागायला उभा राहिलेला बिल्डिंगने पहिल्यांदाच पाहिला.

ओल्फा ताईने मला सहा दिवस शिकवलं. गिऱ्हाईक समोर हात पसरून बसलेलं असायचं, ताईच्या एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मोडक्या हेअर ड्रायरमधून उपसलेली तार. "प्रवाह बदलला की वेटोळं विरोध करतं. का? कारण त्याला आहे तेच बरं वाटतं. तुझ्या बाबांसारखं. करंगळी हलवू नका, मॅडम." सहाव्या दिवशी त्या मॅडमनाही वेटोळं समजलं होतं.

दुसऱ्या फेरीत वेटोळंच आलं. काठावर का होईना, मी पास झाले. आणि मग लल्ला बेय्यांनी आठवडाभर कोंडून ठेवलेला चीत्कार असा सोडला, की बंदरातली एक बोट खरोखर थांबली म्हणतात.

मेजवानी दुसऱ्या दिवशी. कुसकुस विकायचा म्हणून मूठभर तरी बाजूला ठेवावा, असं बाबा पुटपुटले, पण ओमदाने कागद उघडून बोट ठेवलं: सर्वच्या सर्व. साठ किलो रव्याचा कुसकुस एका बैठकीत संपवणं हे सोपं काम नव्हे. बिल्डिंग जेवली. समोरची बिल्डिंग जेवली. मशिदीत परात गेली, बसस्टॉपवर परात गेली. एका ड्रायव्हरने आत्याला ओळखलं आणि उतारूंसकट गाडी थांबवली. तरी उरला. मग आईने घराघरांत ताटं भरून पाठवली, वर भोपळा आणि हरभरे लावून. ओमदाने तीन वेळा घेतलं, ढेकर दिली, कागद फाडला आणि एक भरलेलं ताट घरी नेलं.

संध्याकाळी बाबा रिकाम्या पोत्यांकडे बघत बसले होते. "धंदा संपला," ते म्हणाले. "एक दाणा विकला नाही."

"नोकरी आहे ना?" आई म्हणाली.

"नोकरी आहे." त्यांनी ते दोनदा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ताटं परत यायला लागली.

आमच्याकडे शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. मला वाटलं होतं, चार खजूर येतील. पण लोक माझ्या यशाने भारावले होते, आणि कुसकुसही आत्याच्या हातचा होता. पहिल्या ताटात साखर आली. खरी साखर, दोन महिन्यांत न दिसलेली! सी खमाईसनी साखर दिली. वाण्याच्या बायकोने साखर दिली, वाण्याला न सांगता. लल्ला बेय्यांनी ऑलिव्हच्या तेलाची बाटली ताटात उभी करून आणली. समोरच्या बिल्डिंगमधून अंडी, तांदूळ, पुन्हा साखर. प्रत्येकाने काहीतरी कुठेतरी ठेवलेलं होतं. दुपारपर्यंत आमच्या ओट्यावर जागा उरली नाही, मग टेबल भरलं, मग उरलेलं माझ्या पलंगाखाली गेलं. बाबा सगळ्याकडे बघत होते आणि त्यांना घाम फुटत होता. लाल अक्षरांतलं वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलंय, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात दार वाजलं. ओमदा! हातात आमचं ताट, वर रुमाल. त्याने ओट्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, वाकून माझ्या खोलीच्या दारातून आतही पाहिलं.

"सी तैय्येब," तो हळू आवाजात म्हणाला, "ही इतकी साखर कशाला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. आईची ती नजर आता मला पाठ झाली होती.

"शिराझच्या इंजिनियरिंगच्या मेजवानीची," आई म्हणाली.

"किती वर्षं आहेत?"

"पाच," मी म्हणाले. "साखर टिकते."

ओमदाचा हात खिशाकडे गेला, पण ताट हातात होतं, म्हणून त्याने ते बाबांकडे दिलं. बाबांनी रुमाल उचलला. आत कॉफी होती. अर्धा किलो, ताजी, काळीभोर. पूर्ण गावात चमचाभरही मिळत नव्हती ती कॉफी. खोलीभर वास पसरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा बाबांनी एका सरकारी माणसाकडे कारकुनासारखं नाही, तर तपासनिसासारखं पाहिलं.

"सी लझहर," ते म्हणाले, "आणि ही?"

ओमदाने जिन्याकडे बघून घेतलं. "नातीच्या बॅकसाठी ठेवली होती."

"कितवीत आहे?"

"अजून रांगते," ओमदा म्हणाला.

बाबांनी थोडा विचार केला. मग दार लावून घेतलं, त्याला बसायला खुर्ची दिली, आणि आईने कॉफी उकळायला ठेवली.